करशास्त्राचा विद्यार्थी भीमराव : एका पदवीचे मोल

पदवीनंतर आणखी शिकावे की नाही, हा प्रश्न आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या घरी कधी ना कधी उभा राहतो. वाणिज्य आणि विधी शाखांकडे वळलेले आमचे माजी विद्यार्थी अलीकडे तो अधिक नेमकेपणाने विचारू लागले आहेत. करविषयक कायद्याची किंवा सार्वजनिक वित्ताची उच्च पदवी घ्यावी काय? त्यात आणखी दोन वर्षे जातील, शुल्क भरावे लागेल, कदाचित कर्ज काढावे लागेल, आणि घरी आईवडील मजुरीवरून परतताना मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असतील. असा खर्च पदरात काही टाकतो काय?

आम्ही इतिहासाचे शिक्षक. कोणत्या पदवीला किती वेतन मिळते, हे सांगणे आमचे काम नव्हे. मात्र हाच प्रश्न ज्याच्यापुढे एकदा नव्हे तर दोनदा उभा राहिला, आणि ज्याने दोन्ही वेळा त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले, असा एक विद्यार्थी इतिहासात होऊन गेला. त्याचे छायाचित्र आपल्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधानाचे शिल्पकार म्हणून, चवदार तळ्याचे सेनानी म्हणून आणि धम्मचक्र गतिमान करणारे महामानव म्हणून आपल्याला परिचित आहेत. परंतु त्यांनी परदेशात मिळविलेल्या उच्च पदव्यांचे प्रबंध राज्याचा महसूल, खर्च आणि चलन या विषयांवर होते, याचे स्मरण जयंतीच्या भाषणांतून क्वचितच होते. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने करावे, असे आम्हास वाटले.

सुभेदारांचा मुलगा

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास आले. तेथील शाळेत भीमरावांना वेगळे बसावे लागले, पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही. हा भाग आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड, एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ साली मॅट्रिक, कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले बुद्धचरित्र, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. असा हा प्रवास झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या समाजात भीमराव जन्मले, त्या महार समाजाचा सरकारी महसुलाशी फार जुना संबंध होता. सारा भरण्यासाठी कुणब्यांना चावडीवर बोलावून आणणे, महसुलाची रक्कम तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोहोचविणे, शेताच्या हद्दीच्या तंट्यात साक्ष देणे, ही वतनदार महाराची कामे होती. पैशाची थैली त्याच्या खांद्यावरून जाई. मात्र ती थैली कोणाकडून किती भरली, कशासाठी रिकामी झाली, आणि तिच्यातून त्याच्या मुलाच्या शाळेसाठी काय आले, हे लिहिलेले दप्तर त्याच्या वाट्याला कधी येत नसे. दप्तर कुलकर्ण्याच्या बगलेत आणि थैली महाराच्या खांद्यावर, अशी गावगाड्याची वाटणी होती. भीमरावांनी या जाणिवेनेच विषय निवडला, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु थैली वाहणाऱ्यांच्या कुळातील एका तरुणाने पुढे दप्तरच उघडून वाचले, ही घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याला लहान वाटत नाही.

पहिला निर्णय : १९१३

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडिलांच्या गंभीर आजाराची बातमी आली आणि २ फेब्रुवारीस रामजींचे निधन झाले. घरी पत्नी रमाबाई होत्या, काही आठवड्यांचा यशवंत होता, भाऊ-भावजय होते. कर्ता पुरुष गेलेला. अशा वेळी एकवीस वर्षांच्या पदवीधराने मिळालेली नोकरी धरून ठेवावी, हेच कोणीही शहाण्या माणसाने सांगितले असते. त्या काळी अस्पृश्य समाजात बी.ए. झालेला तरुण म्हणजे नवलाची गोष्ट होती. तेवढ्यावर आयुष्य निघाले असते.

सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविणार होते. भीमरावांनी ती संधी घेतली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती मिळावी आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावी, असा तो करार होता. तीन वर्षांच्या विद्येसाठी दहा वर्षांचे श्रम तारण ठेवले गेले. आजचे शैक्षणिक कर्ज ज्यांना जड वाटते, त्यांनी हा हिशेब एकदा मनाशी मांडून पाहावा.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय. जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे त्या काळातील जगन्मान्य विद्वान होते. आयकरावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झालेला होता. ज्याची ऐपत अधिक त्याने राज्याचा भार अधिक उचलावा, या तत्त्वाचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. भीमराव अमेरिकेत पोहोचले ते वर्षही मोठे अर्थपूर्ण होते. १९१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या संविधानाची सोळावी दुरुस्ती मंजूर होऊन आयकर बसविण्याचा संघराज्याचा अधिकार निर्विवाद झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तसा कायदाही झाला. कर कोणी भरावा, किती भरावा आणि का भरावा, हा वाद त्या देशात नुकताच संविधानाच्या पातळीवर निकालात निघाला होता. कराचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न असतो, हे शिकण्यास याहून योग्य जागा आणि योग्य वेळ मिळणे कठीण होते.

१९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावरील प्रबंधाने त्यांनी एम.ए. पदवी मिळविली. कंपनीचा महसूल कोठून आला आणि कोठे गेला, कंपनी विसर्जित झाल्यावर तिचे कर्ज भारतीय रयतेच्या माथी कसे बसले, याचा हिशेब त्यांनी कंपनीच्याच आकड्यांनी मांडला. लगेच पीएच.डी.च्या संशोधनास हात घातला. १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला. तोही याच विद्यार्थीदशेत. दिवसाचा बराचसा काळ ग्रंथालयात जाई. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शेकडो पुस्तके त्यांनी जमविली. खाण्यापिण्यात काटकसर करून घरी पैसे पाठविले.

प्रबंधात होते तरी काय?

ज्या संशोधनाने त्यांना पीएच.डी. मिळाली, त्याचा विषय ऐकून आपली मुले बिचकतात. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती, असे त्याचे नाव. ते सोपे करून सांगण्याचा आम्ही प्रयत्न करतो.

१८३३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानची सारी तिजोरी एका केंद्राच्या हाती गेली. मुंबई असो वा मद्रास, प्रांताला स्वतःचा पैसा राहिला नाही. महसूल गोळा करायचा प्रांताने, खर्चाची परवानगी द्यायची केंद्राने. जो गोळा करतो त्याला काटकसरीत रस नाही, आणि जो परवानगी देतो त्याला स्थानिक गरज ठाऊक नाही. परिणामी खर्च वाढत गेला, तूट वाढत गेली आणि १८५७ च्या उठावानंतर कर्जाचा डोंगर झाला. मग १८७१ पासून लॉर्ड मेयोच्या योजनेने प्रांतांना काही खाती आणि त्यांच्यासाठी ठराविक नेमणूक देण्यात आली. १८७७ पासून काही महसुलाच्या बाबी प्रांतांच्या हवाली झाल्या. १८८२ पासून महत्त्वाच्या महसुलात केंद्र आणि प्रांत यांची वाटणी सुरू झाली, ती १९२१ च्या सुधारणांपर्यंत चालली. हे तीन टप्पे बाबासाहेबांनी वर्षावर्षाच्या आकड्यांनिशी उलगडून दाखविले.

परंतु त्यांची दृष्टी आकड्यांपाशी थांबत नाही. शेतसारा हा त्या राज्याचा मुख्य आधार, तो शेतकऱ्याच्या पिकाकडे न पाहता वसूल होतो. मिठावरचा कर ज्याच्या घरी मिठाखेरीज भाकरीला काही नाही त्याच्याकडूनही तेवढाच घेतला जातो. अंतर्गत जकातींनी देशी उद्योगाचे पाय बांधले जातात. आणि हा सारा पैसा लष्कर व वरिष्ठ नोकरशाही यांवर खर्ची पडून शिक्षण व सार्वजनिक बांधकामे यांच्यासाठी थोडेच उरते, हे त्यांनी दाखविले. आणि अखेरीस मुद्दा येतो तो सत्तेचा. कर भरणाऱ्याला जोवर राज्यकर्त्याला जाब विचारता येत नाही, तोवर तिजोरीची वाटणी केंद्राकडे असो वा प्रांताकडे, तिला न्याय्य म्हणता येत नाही. शिवाय ज्या राज्यकर्त्यांना समाजातील दुष्ट रूढींना हात लावण्याचे धैर्य नाही, ते रयतेचे भले करू शकत नाहीत, हेही त्यांनी परक्या विद्यापीठात निर्भयपणे मांडले. करशास्त्राच्या प्रबंधात जातिव्यवस्थेच्या बळीला जे दिसले, ते त्या विषयाच्या अन्य अभ्यासकांना सहसा दिसत नसे.

पदवीचा पराभव

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. लंडनच्या संस्थेने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची मुभा दिली. महायुद्ध चालू होते. पुस्तके आणि सामान ज्या बोटीने पाठविले होते ती बोट पाणतीराने बुडाली. वर्षानुवर्षे जमविलेली ग्रंथसंपदा समुद्रात गेली.

करारानुसार ते बडोद्यास गेले. पुढे अर्थखात्याची धुरा सोपवावी, या हेतूने त्यांना महाराजांचे लष्करी सचिव नेमले होते. राजस्वशास्त्रात उच्च शिक्षण घेऊन आलेला हा विद्वान संस्थानच्या राजधानीत उतरला, तेव्हा त्याला राहायला खोली मिळेना. कचेरीत शिपाई कागद दुरून टेबलावर टाकू लागले. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला. जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथून हुसकले. शहरात कोणी ठाव दिला नाही. एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि ते मुंबईस परतले.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हा प्रसंग नेहमी नीट वाचायला सांगतो, कारण यात एक कटू सत्य आहे. पदवीने जात पुसली जात नाही. मुंबईत त्यांनी शेअर बाजाराच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलेला निबंध आजही अर्थशास्त्राचे अभ्यासक वाचतात. पण त्या वर्षी घर चालविण्यासाठी त्यांना शिकवण्यांवर अवलंबून राहावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन साडेचारशे रुपये. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करीत. परंतु प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतलाच.

१९१९ सालच्या अखेरीस एखाद्या जमाखर्च पाहणाऱ्याने हिशेब मांडला असता, तर त्याने काय लिहिले असते? खर्चाच्या बाजूला चार वर्षे, शिष्यवृत्तीचे बंधन, बुडालेली पुस्तके, बडोद्याची मानहानी. जमेच्या बाजूला एक प्राध्यापकी. उच्च पदवी आतबट्ट्याचा व्यवहार ठरली, असाच निष्कर्ष त्याने काढला असता.

दुसरा निर्णय : १९२०

नेमका याच वेळी बाबासाहेबांनी पुन्हा शिकायला जाण्याचा निर्णय घेतला. हा दुसरा निर्णय आम्हास पहिल्याहून मोठा वाटतो. १९१३ साली पाठीशी संस्थान होते. १९२० साली कोणी नव्हते. १९१३ साली पुढील आयुष्याविषयी आशा होती. १९२० साली बडोद्याचा अनुभव होता. हातात उत्तम पगाराची नोकरी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले होते. समाजकार्य हाक मारीत होते. तरीही लंडनने दिलेली चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वी त्यांनी मार्चमध्ये प्राध्यापकीचा राजीनामा दिला. पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे साहाय्य आणि कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या बळावर जुलैमध्ये ते बोटीत बसले.

या निर्णयाची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही. मुंबईत रमाबाईंनी संसार ओढला. तुटपुंज्या पैशांत मुलांचे आजार, उपासमारीचे दिवस आणि पोटच्या मुलांचे मृत्यू त्यांनी सोसले. उच्च शिक्षणाचे मोल मोजताना पदवीच्या कागदावर ज्यांचे नाव नसते, त्या माणसांना आपण विसरता कामा नये. आमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामागे अशी एखादी रमाई आहे.

लंडनमध्ये सकाळी ग्रंथालय उघडताच ते आत जात आणि बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारचे जेवण बहुधा चुकलेले. रात्री थोडेसे काही खाऊन पुन्हा वाचन. १९२१ साली साम्राज्याच्या वित्ताचे प्रांतांमधील विकेंद्रीकरण या विषयावर एम.एस्सी. पदवी मिळाली. त्यानंतर डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाचा प्रश्न हाती घेतला. रुपयाचे मूल्य कशाशी बांधावे, हा तो प्रश्न. सरकारच्या हाती चलन वाढविण्याची मोकळीक राहिली, तर वस्तू महागतात आणि तिची झळ मजुरीवर जगणाऱ्याला सर्वांत आधी लागते. म्हणून चलन सरकारच्या मर्जीवर राहू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. केन्ससारख्या विख्यात अर्थशास्त्रज्ञाच्या मताला त्यांनी पुराव्यानिशी विरोध केला. ब्रिटिशांच्या चलननीतीवरील टीका परीक्षकांना रुचली नाही आणि प्रबंध सुधारून पुन्हा सादर करण्यास सांगण्यात आले. तोवर पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथूनच प्रबंध नव्याने लिहून पाठविला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. पदवी मिळाली. त्यांनी भाषेची धार कमी केली, निष्कर्ष बदलले नाहीत.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची कथाही सांगण्यासारखी आहे. छापील प्रती सादर केल्यावाचून ती पदवी देण्याचा तेथे नियम नव्हता, आणि छापायला पैसा नव्हता. अखेर १९२५ साली लंडनच्या प्रकाशकाने ग्रंथ काढला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. पदवी रीतसर प्रदान झाली १९२७ साली. पहिल्यांदा कोलंबियाचे दार उघडल्यापासून तब्बल चौदा वर्षांनी!

विद्येचे व्याज

आता जमेची बाजू पाहू. पैशाच्या हिशेबाने ती सुरुवातीस फार मोठी नव्हती. वकिलीत जम बसेपर्यंत त्यांनी लेखाशास्त्र शिकविणाऱ्या एका संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. परंतु १९२५ साली भारतीय चलन व वित्त यांच्या चौकशीसाठी आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नव्हती, त्याला साम्राज्याच्या रुपयाविषयी मत विचारण्यात आले.

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले आणि त्यांचे पहिले भाषण अंदाजपत्रकावर झाले. ठराविक मर्यादेखालच्या उत्पन्नावर आयकर नाही. मग एक एकराच्या धन्याला, पीक येवो न येवो, सारा का चुकत नाही? मोठ्या आणि छोट्या शेतकऱ्याला एकच दर कोणत्या न्यायाने? दारूच्या महसुलावर राज्य चालवावे काय? हे प्रश्न त्यांनी सरकारला आकड्यांच्या भाषेत विचारले. आपली हकिगत सांगून दया मागणारा प्रतिनिधी आणि सरकारचेच अंदाजपत्रक उलगडून जाब विचारणारा प्रतिनिधी, यांत फार अंतर असते. हे अंतर कोलंबिया आणि लंडनच्या ग्रंथालयांत कापले गेले होते.

पुढील प्रत्येक लढ्यात ही विद्या उपयोगी पडली. १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. तुटपुंज्या मोबदल्यात रात्रंदिवस राबविणारे वतन म्हणजे श्रमाच्या रूपाने घेतलेला करच होय, आणि तो एका जातीवरच बसविलेला आहे, असे त्या व्यवस्थेचे खरे स्वरूप आपल्याला आज दिसते. १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने शेतकरी व कामगार यांच्यावरील कराचा बोजा हलका करण्याचा पुरस्कार केला. १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक आले. कोकणातील खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा राहून सारा वसूल करणारा मध्यस्थ. तो सरकारला किती देतो आणि कुळाकडून किती उकळतो, यांतील तफावतीवर त्याची सत्ता उभी होती. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. १९३९ च्या डिसेंबरात हरेगाव येथे वतन जमिनींवरील जुडी वाढविण्याविरुद्ध परिषद झाली. सारा, जुडी, खोती हे शब्द आपल्या आजोबांच्या पाठीवर वळ उमटवून गेलेले शब्द आहेत. बाबासाहेबांनी त्यांची चिकित्सा केली ती एका निष्णात राजस्वशास्त्रज्ञाच्या हाताने.

आणि मग संविधान. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही, असे कलम २६५ सांगते. केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटणीसाठी कलम २८० अन्वये वित्त आयोग नेमला जातो. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकास कलम १४८ ने स्वतंत्र स्थान दिले. हा अधिकारी संविधानातील सर्वांत महत्त्वाच्या अधिकाऱ्यांपैकी आहे, अशी बाबासाहेबांची धारणा होती आणि ती त्यांनी संविधान सभेत मांडली. या साऱ्या तरतुदी एकट्या बाबासाहेबांच्या लेखणीतून उतरल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९३५ च्या कायद्याचा वारसा त्यांत होता आणि तज्ज्ञ समितीच्या शिफारशीही होत्या. परंतु मसुदा समितीच्या अध्यक्षपदी असा माणूस होता, ज्याने केंद्र आणि प्रांत यांच्या तिजोऱ्यांचा १८३३ पासूनचा इतिहास तीस वर्षांपूर्वीच अभ्यासला होता. हा योगायोग नव्हे. हे विद्येचे व्याज होते, आणि ते साऱ्या देशाला मिळाले.

आपल्यासाठी बोध

करविषयक उच्च पदवी घ्यावी काय, या प्रश्नाकडे आता वळू. बाबासाहेब एवढे शिकले म्हणून प्रत्येकाने तेवढे शिकावे, असे सरसकट सांगणे म्हणजे विचार करण्याचे टाळणे होय. त्यांच्या चरित्रातून आम्हास चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, त्यांनी पदवीपेक्षा प्रश्न आधी पाहिला. कर कोण भरतो आणि लाभ कोणाला होतो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ज्याच्यापाशी असा प्रश्न आहे, त्याने अवश्य पुढे शिकावे. नावामागे अक्षरे लावण्यापुरतीच पदवी हवी असेल, तर घरच्यांचा पैसा त्यात घालू नये.

दुसरी गोष्ट, त्यांनी साधनांचा हिशेब केला. शिष्यवृत्ती शोधली, काही काळ प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, कर्ज घेतले ते विश्वासाच्या मित्राकडून. अभ्यास तुटला तेव्हा मुदत वाढवून घेतली आणि ती पाळली. नोकरी करून पैसे साठवावेत आणि मग शिकावे, यात कमीपणा नाही. स्वतः बाबासाहेब त्याच वाटेने गेले. आमच्या ज्या मुलांना आज लगेच पुढे शिकणे शक्य नाही, त्यांनी १९१८ ते १९२० हा काळ आठवावा.

तिसरी गोष्ट, फळ उशिरा येते हे त्यांनी गृहीत धरले. १९१७ साली पदवी निरुपयोगी ठरल्यासारखी दिसली. तिचा खरा उपयोग १९२७ नंतर दिसू लागला. ज्या घराला पुढच्याच महिन्याच्या पगाराची निकड आहे, त्या घरातील मुलाने आधी ती निकड भागवावी आणि अभ्यासाची वाट मात्र बुजू देऊ नये.

चौथी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, १९५० साली औरंगाबादेस आज मिलिंद नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय उभे राहिले, आणि १९५३ साली मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्र यांचे स्वतंत्र सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. आपल्या मुलांनी केवळ कारकून न होता तिजोरीचे शास्त्र शिकावे, ही दृष्टी त्यामागे होती, असे आम्ही मानतो. भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका अष्टांगिक मार्गात ठेवली. करशास्त्राचे ज्ञान धनवंताचा कर चुकविण्यासाठी विकता येते, आणि गरिबाच्या हक्काचा पैसा कोठे अडला हे शोधण्यासाठीही वापरता येते. पदवी एकच, आजीविका मात्र निवडावी लागते.

आजही आपल्या वस्तीतील माणूस काडेपेटीपासून औषधापर्यंत कितीतरी वस्तूंवर कर भरतो. समाजकल्याणाच्या नावाने अंदाजपत्रकात रक्कम मांडली जाते. तिच्यातील किती खर्च झाली, किती परत गेली, किती दुसरीकडे वळली, हे पाहणारी माणसे आपल्यात फार थोडी आहेत. शिष्यवृत्ती उशिरा का आली, हे आपण विचारतो. पण ती कोणत्या शीर्षाखाली मंजूर झाली आणि कोणत्या टेबलावर थांबली, हे कागद दाखवून सांगू शकणारा माणूस मिळत नाही. अंदाजपत्रक वाचता येणारा, लेखापरीक्षणाचा अहवाल समजणारा, कर न्यायाधिकरणापुढे उभा राहणारा, वित्त आयोगाच्या शिफारशींवर लिहिणारा असा एक तरी विद्यार्थी प्रत्येक तालुक्यातून निघाला, तर त्याच्या दोन वर्षांचे शुल्क समाजाने वर्गणी काढून भरावे. तो खर्च वाया जाणार नाही.

महामानवाला अभिवादन करण्याच्या पुष्कळ रीती आहेत. पुतळ्याला हार घालणे ही त्यांतील सर्वांत सोपी. त्यांनी उघडलेले दप्तर पुढे वाचत राहणे ही अवघड, पण त्यांना मान्य होईल अशी रीत आहे. ज्या मुलामुलींना आकड्यांत रस आहे आणि अन्यायाची चीड आहे, त्यांना आमचे सांगणे एवढेच की, त्यांनी हा विषय घ्यावा, नेटाने शिकावे आणि शिकून आपल्या माणसांत परत यावे.

नमो बुद्धाय! जय भीम!